हाताळणी दोष

फोन वाजला तेव्हा सिद्राम बिराजदारने कडक भाकरीचा पहिला तुकडा नुकता मोडला होता. फोनवरचं नाव बघितलं आणि त्याची भूकच मेली.

"बिराजदार, प्रिंटर पुन्हा बंद. असाल तसे या. एक अर्जंट पत्र चारच्या आत वर गेलंच पाहिजे," पलीकडून हेडक्लार्क कमलाकरराव बोलले आणि उत्तराची वाट न बघता त्यांनी फोन ठेवला.

"असाल तसे या म्हणं! मी काय हितं झोपा काढतुय व्हय?" सिद्राम बंद फोनलाच म्हणाला. दोन महिन्यांत हा सातवा फोन. शिवानंदशेठच्या दुकानाकडे चाळीस कार्यालयांच्या प्रिंटरांची देखभाल होती आणि ती सगळी चाळीस सिद्रामच्या गळ्यात होती. पण बाकीच्या एकोणचाळीस कार्यालयांनी मिळून दिला नसेल एवढा ताप या एकट्याने दिला होता.

कार्यालयाचं नाव सांगत बसत नाही. सोलापुरातलं एक सरकारी कार्यालय, जिथं पोरांना कॉलेजच्या प्रवेशासाठी लागणारे दाखले मिळतात, निदान मिळायला हवेत. तिथं संगणक नऊ आणि धड चालणारा प्रिंटर एक. तो एक आडवा झाला की नऊच्या नऊ संगणक नुसते दिवे लावून बसायचे आणि बाहेर व्हरांड्यात आईबापांची रांग वाढत जायची.

सिद्राम चोपन्न वर्षांचा होता. टाइपरायटरच्या फिती बदलण्यापासून त्याने सुरुवात केली, मग करवतीसारखे किंचाळणारे जुने प्रिंटर दुरुस्त केले आणि आता लेझर. राग कायम नाकाच्या शेंड्यावर. त्याचं ठाम मत होतं की प्रिंटर आपणहून कधीच बिघडत नाही, त्याला कुणीतरी बिघडवतं. हे मत तो ज्याच्या त्याच्या तोंडावर बोलून दाखवायचा, आणि लोकही त्याचं कसब बघून ऐकून घ्यायचे.

भर उन्हात गाडी मारत तो पोचला तर व्हरांड्यातल्या बाकावर बसलेल्या एका बाईने त्याच्या हातातली अवजारांची पेटी ओळखली.

"ओ प्रिंटरवाले, आज तरी चालू करा की! करमाळ्यास्नं तिसऱ्यांदा येतोय आमी. पोराच्या प्रवेशाचा उद्या शेवटचा दिवस हाय."

"करतो मावशी, करतो. मी थोडाच बंद पाडलाय?" असं म्हणून तो तरातरा आत गेला.

आत प्रिंटर टेबलावर गर्द जांभळा टर्किश टॉवेल पांघरून बसला होता. ही कमलाकररावांची माया. त्यांच्या नोकरीला पंचवीस वर्षं झाली तेव्हा कार्यालयाने त्यांचा चादर आणि टॉवेल-टोपी देऊन सत्कार केला होता. चादर घरी गेली, टोपी कपाटात गेली आणि टॉवेल कमलाकररावांनी नव्या प्रिंटरला वाहिला. सोलापूरचा मानाचा टॉवेल, त्याने अंग कसलं पुसायचं, असं त्यांचं म्हणणं. रोज संध्याकाळी निघताना, आणि प्रिंटर बंद पडला की भरदिवसाही, ते स्वतःच्या हाताने तो प्रिंटरवर घालायचे, कडा सारख्या करायचे आणि वर दोनदा थोपटायचे. मानाचा म्हणून तो कधी धुतलाही नव्हता.

"आलात? बरं झालं. किती वेळ लागेल?" कमलाकरराव घड्याळाकडे बघत म्हणाले. कार्यालयात सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. माणूस वाईट नव्हता, देवभोळा, सगळ्यांना प्रसाद वाटणारा. पण स्वतःच्या अंगावर काही येतंय म्हटलं की तो प्रसाददेखील दुसऱ्याच्या हातावर ठेवून मोकळा व्हायचा.

"आधी बघू तरी द्या की भाऊसाहेब. कागद अडकलाय का ओढतच न्हाय?"

उत्तर प्रिंटरशेजारच्या संगणकावरून आलं. "ओढत नाही. आवाज करतो, दोनदा फिरतो आणि लाल दिवा लागतो." बोलली ती कीर्ती सरवदे, कंत्राटी संगणक चालक. दाखले तिच्याच संगणकावरून निघत. दर अकरा महिन्यांनी नवा आदेश घेत ती पाच वर्षं इथं काम करत होती आणि बुधवार पेठेतल्या तिच्या घरातली चार माणसं त्या आदेशावर जगत होती. एरवी सिद्राम आला की ती आधी पाण्याचा ग्लास पुढे करायची, मग प्रिंटरचं गाऱ्हाणं सांगायची. आज तिने मान वर केली नाही. ऊन लागलं असेल, असं सिद्रामला वाटलं आणि त्याने पेटी उघडली.

पेटीतून सगळ्यात आधी निघालं ते अहवालाचं पुस्तक. आधी फॉर्म, मग यंत्र, ही सिद्रामची शिस्त. शेवटी हात काळे झाले की कागद खराब होतो. तारीख, ठिकाण, यंत्राचा क्रमांक लिहून तो चौकटींवर आला. चौकटी चार होत्या: यंत्राचा दोष, विजेचा दोष, जागेचा दोष, आणि चालकाचा हाताळणी दोष. पेन आपोआप चौथ्या चौकटीत गेलं आणि त्याने बरोबरची खूण केली. शिवानंदशेठचं तसं सांगणंच होतं. यंत्राचा दोष लिहिला तर दुकानाला भाग बदलून द्यावा लागतो. विजेचा किंवा जागेचा लिहिला तर कार्यालयाचे साहेब लोक बिथरतात, पुढच्या वर्षी कंत्राट दुसऱ्याला जातं. चालकाचा लिहिला तर कुणाचं काही जात नाही. ही खूण सिद्राम इतकी वर्षं करत आला होता की सही करावी तशी ती होऊन जायची, ध्यानातही राहायची नाही.

तेवढ्यात आलेला चहा त्याने दोन घोटांत संपवला आणि टॉवेल बाजूला फेकला.

"अहो, हळू! घडी मोडेल," भाऊसाहेब म्हणाले.

"प्रिंटर मोडलाय, त्याचं बघा." सिद्रामने आधी संगणकाकडे नजर टाकली आणि कपाळावर हात मारला. छपाईच्या रांगेत तब्बल चौतीस कामं तुंबली होती. "हे कुणी दाबलं एवढं?"

"दाखले सकाळपासून अडकलेत, ते तेवीस," कीर्ती हळूच म्हणाली.

"आणि बाकीचे अकरा?"

भाऊसाहेबांनी चष्मा पुसला. "ते आमचं अर्जंट पत्र. येईना म्हणून पुन्हा पुन्हा दाबलं. माणूस दाबणारच की."

"लिफ्टचं बटन हाय का ते? एकदा दाबलं की ते रांगेत बसतं. अकरा येळा दाबलं म्हणून काय ते घाबरून भाईर येतंय?" सिद्रामचा आवाज चढला. "पुसून टाकू का रांग?"

"नको, नको! त्यातच पत्र आहे. पुन्हा कशात काय गडबड व्हायला नको. तुम्ही फक्त यंत्र चालू करा."

मग सिद्राम यंत्राकडे वळला. दर वेळी तो काय करायचा, तर पुढचं झाकण उघडायचं, ओल्या फडक्याने कागद ओढणारा रबरी रोलर चाचपडत पुसायचा, बंद करायचं, चाचणीचा कागद काढायचा आणि चालायला लागायचं. आठ दिवस प्रिंटर चालायचा. मग फोन. सहा वेळा हेच झालं होतं. आज मात्र त्याच्या डोक्यात तिडीक गेली. कडक भाकरी डब्यातच राहिली होती, उन्हाने कातडं भाजलं होतं, आणि एक यंत्र त्याला, सिद्राम बिराजदारला, सातव्यांदा खेळवत होतं. "आज तुझ्या पोटात काय हाय ते बघतोच," म्हणून त्याने प्रिंटर उचलून खिडकीपाशी नेला, कागदाचा ट्रे काढला, यंत्र कुशीवर केलं आणि रोलर खिटी सोडवून थेट बाहेर काढला.

उजेडात धरला आणि तो बघतच राहिला.

रबरावर जांभळा थर होता. शाईचा नव्हे. सुताचा. बारीक बारीक कापूस रबरावर गुंडाळत जाऊन त्याची गुळगुळीत साल झाली होती. असल्या रोलरने कागद पकडायचा कसा? सिद्रामने नखाने कड उचलली तर साल कांद्याच्या पापुद्र्यासारखी निघून आली. ट्रेच्या कोपऱ्यात, कागदांच्या कडेला, आत जिथं बोट पोचेल तिथं तोच जांभळा कापूस. नव्या, न धुतलेल्या टर्किश टॉवेलचा कापूस कसा गळतो हे सोलापुरात कुणाला सांगावं लागत नाही. सिद्रामचा बाप तर अक्कलकोट रोडच्या कारखान्यात तीस वर्षं मागावर उभा होता. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा त्याच्या भुवया पांढऱ्या असायच्या आणि आई पदराने त्या झटकायची. त्या बापाच्या पोराने सहा वेळा ओलं फडकं फिरवलं, फडकं जांभळं झालेलं पाहिलं, आणि म्हणाला, शिक्क्याची शाई सांडलीय.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. सिद्रामला स्वतःचाच संताप आला, पण तो त्याने नेहमीप्रमाणे दुसऱ्यावर काढायचं ठरवलं.

"भाऊसाहेब, हे बघा तुमचा मान!" त्याने ती साल त्यांच्या टेबलावर ठेवली. "रोज थोपटून थोपटून घालत हुता न्हवं? सगळा कापूस ह्याच्या नरड्यात गेलाय."

भाऊसाहेबांनी त्या सालीकडे बघितलं, टॉवेलकडे बघितलं, आणि म्हणाले, "बरं, बरं. कळलं. ते नंतर बघू. आधी चालू करा, तीन वाजून गेले."

सिद्रामने रोलर घासून स्वच्छ केला, ट्रे झटकला, सगळं जागच्या जागी बसवलं आणि बटन दाबलं. यंत्र गुरगुरलं, एक कागद सरळ आत ओढला, आणि तुंबलेली रांग वाहायला लागली. आधी दाखले निघाले. कीर्ती उठली, एकेक दाखला शिक्क्यासाठी बाजूला ठेवत गेली. तेवीस दाखले संपले आणि मग पत्र बाहेर यायला लागलं. एक. दोन. तीन. तेच पत्र, तसंच. कीर्ती तेही उचलून, कडा जुळवून, एकावर एक ठेवत होती.

छपाई स्वच्छ आली का ते बघायला सिद्रामने चौथी प्रत उचलली. अक्षरं काळीभोर आली होती. सवयीने त्याने दोन ओळी वाचल्या आणि तिसऱ्या ओळीत त्याला स्वतःचं नाव दिसलं.

'सदर मुद्रणयंत्र दोन महिन्यांत सहा वेळा बंद पडून दाखले देण्यास विलंब झाला आहे. देखभाल अभियंता श्री. सिद्राम बिराजदार यांनी सहाही वेळा तपासणी करून चालकाचा हाताळणी दोष असल्याचे प्रमाणित केले असून, कंत्राटी संगणक चालक श्रीमती कीर्ती सरवदे यांनी सहाही अहवालांवर स्वाक्षरी करून तो मान्य केला आहे. तसेच त्या कार्यालयात वारंवार उशिरा येतात. सबब त्यांची सेवा तात्काळ समाप्त करण्यास मान्यता मिळावी. सोबत: अहवाल सहा.'

प्रिंटरमधून पाचवी प्रत आली. सहावी आली. सिद्रामच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"हे काय हाय?" तो ओरडला. "हे कुणी लिवलं?"

"मी टाइप केलंय," कीर्ती म्हणाली. "इथं टाइप करायला दुसरं कोण आहे?"

स्वतःला काढून टाकायचं पत्र तिच्याकडून टाइप करून घेतलं होतं. तेच छापून निघावं म्हणून सिद्रामला घासावरनं उठवून बोलावलं होतं. आणि त्या पत्राचा सगळा भार होता तो सिद्रामच्या सहीवर. व्हरांड्यातली माणसं दारातून डोकावायला लागली, पण त्याला आता कुणाची पर्वा नव्हती.

"भाऊसाहेब, लाज वाटत न्हाय? टॉवेल तुमचा, आणि नोकरी ह्या पोरीची? चोर सोडून संन्याशाला फाशी!"

"आवाज खाली, बिराजदार. आम्ही पदरचं एक अक्षर घातलेलं नाही. दाखले रखडले म्हणून वरून विचारणा आली, जबाबदार कोण ते कळवा. आम्ही फाइल उघडली. फाइलमध्ये तुमचे सहा अहवाल. सहाही वेळा चौथ्या चौकटीत खूण. खाली तिची सही. आम्ही काय चुकीचं लिहिलं?"

"उशिरा येतात म्हणं! नळाला चार दिवसांनी पाणी येतंय, त्या दिवशी अर्धं सोलापूर उशिरा येतंय. तुमी सोता कधी आला टायमावर पाण्याच्या दिवशी?"

"ते बाजूला राहू द्या. खूण तुम्ही केली की नाही, एवढं सांगा."

सिद्रामने हातातली प्रत खाली ठेवली. त्याने कीर्तीकडे बघितलं. ती रडत नव्हती. सकाळपासून रडून झालं असावं.

"अण्णा," ती म्हणाली, "पहिल्या वेळी मी विचारलं होतं तुम्हाला. सही करताना. हे हाताळणी दोष काय लिहिलंय, मी तर नीट हाताळते. तुम्ही काय म्हणालात?"

सिद्रामला आठवलं. स्पष्ट आठवलं. ते असंच लिवायचं असतंय ताई, फार्म्यालिटी हाय, हितं सही करा. असं म्हणून त्याने सहीच्या जागेवर बोट ठेवलं होतं आणि बाकीचा कागद दुमडून धरला होता.

"आणि तिसऱ्या वेळी मी म्हटलं, अण्णा, कागदाच्या कडेला जांभळे धागे दिसतात, त्या टॉवेलचं तर काही नसेल ना? तर तुम्ही हसलात. म्हणालात, ताई, तू जन्मायच्या आधीपासून मी यंत्रं उघडतोय."

हेही खरं होतं. सबंध चाळीस कार्यालयांत कागदाचा गठ्ठा झटकून, हवा घालून मग ट्रेमध्ये लावणारी ती एकटी होती. हे सिद्रामला माहीत होतं. दुसऱ्या कार्यालयांत तो तिचं उदाहरण देऊन लोकांना शिव्या द्यायचा. आणि तिथून निघताना तिच्या नावावर खूण करून यायचा. इतका वेळ दुसऱ्यांवर धावून जाणारा त्याचा राग मागे फिरला आणि त्याच्याच उरावर बसला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आरडाओरडा ऐकून केबिनमधून इंद्रायणी मॅडम बाहेर आल्या. त्या कार्यालयाच्या प्रमुख. नव्यानेच बदलून आल्या होत्या आणि अजून फायलींवरूनच माणसं ओळखत होत्या.

"काय चाललंय? पत्र झालं का तयार?"

सिद्रामने सगळं एका दमात सांगितलं. जांभळी साल त्यांच्या हातात दिली. मॅडमनी ती उजेडात धरून बघितली, मग टॉवेलची कड हातात घेऊन ताडून बघितली. भाऊसाहेब खालच्या मानेने फाइलची नाडी बांधत होते.

"मॅडम, झालं गेलं," भाऊसाहेब पुटपुटले. "टॉवेल मी आजच घरी नेतो. पण वरून विचारणा आहे. कुणाचं तरी नाव द्यावंच लागणार."

"मग तुमचं द्या की!" सिद्राम म्हणाला.

मॅडमनी हात वर करून दोघांना गप्प केलं. "हे बघा, तोंडी बोललेलं फाइलला लागत नाही. आजच्या भेटीचा अहवाल लिहून द्या. तुमची सही, चालकाची सही. आणि तो चारच्या आत माझ्या टेबलावर पाहिजे, चारला टपाल निघतं. वर शेरा कोणी वाचत नाही, चौकटीतली खूण बघून तक्ता भरतात. सहा अहवाल तिच्या विरुद्ध आहेत. सातवा त्यांच्या उलट असेल तर हे पत्र जाणार नाही. नसेल तर मला सही करावी लागेल." एवढं बोलून त्या केबिनमध्ये गेल्या.

सिद्राम लिहायला बसला. तेवढ्यात भाऊसाहेबांनी शिवानंदशेठला फोन लावला, खालच्या आवाजात काहीतरी सांगितलं आणि फोन सिद्रामच्या कानाशी धरला. शेठ म्हणाले, टॉवेलचं लिही, मला काही नाही. पण आधीच्या सहांबद्दल एक शब्द लिहिलास तर चाळीसच्या चाळीस कार्यालयं आपले जुने अहवाल घेऊन दारात उभी राहतील, आणि मग तू दुकानाची पायरी चढू नको.

"व्हय शेठ," सिद्राम म्हणाला. "व्हय. ऐकलं." त्याने फोन परत दिला आणि लिहिलं:

'प्रिंटरवर घालण्यात येणाऱ्या टॉवेलचा कापूस रोलरवर बसल्याने कागद ओढला जात नव्हता. चालकाची काही चूक नाही. आधीच्या सहा भेटींत मी रोलर बाहेर काढून तपासला नव्हता. त्या सहा अहवालांतील हाताळणी दोष ही नोंद मी न तपासता केली आहे, ती चुकीची आहे. चालकाने त्याच वेळी शंका विचारली होती. मी ऐकून घेतली नाही.'

लिहिताना त्याचे कान तापले. इतक्या वर्षांच्या कसबावर आपल्याच हाताने काळं फासायचं म्हणजे गंमत नव्हे. पण हात थांबला नाही. जांभळ्या कापसाची ती साल त्याने चिकटपट्टीने अहवालाच्या खाली चिकटवली. सही ठोकली, आणि पुस्तक कीर्तीपुढे ठेवलं. त्याच्याही नकळत त्याचं बोट सहीच्या जागेवर गेलं.

"हितं सही करा, ताई. पावणेचार झाले."

कीर्तीने त्याचं बोट बाजूला केलं.

"थांबा," ती म्हणाली. "यावेळी वाचून करते."

ती खुर्ची ओढून बसली आणि वाचायला लागली. वरपासून. तारीख वाचली, यंत्राचा क्रमांक प्रिंटरच्या पाठीवरच्या पट्टीशी ताडून बघितला. करमाळ्याच्या बाई शिक्का बसलेल्या दाखल्याची घडी पिशवीत ठेवता ठेवता दारातच थांबल्या होत्या. भाऊसाहेब टॉवेलची घडी करत होते, मोडत होते, पुन्हा करत होते. घड्याळाचा काटा पुढे सरकत होता आणि सिद्रामला वाटत होतं, पोरगी उगाच वेळ काढतेय, एवढं मन मोठं करून लिहून दिलं, आता काय राहिलंय?

तिचं बोट कागदावर एका जागी थांबलं.

"अण्णा, आणि हे?"

तो वाकला. तिचं बोट चौथ्या चौकटीवर होतं. चालकाचा हाताळणी दोष. आत बरोबरची ठळक खूण, निळ्या शाईची, सिद्रामच्या हातची. चहाच्या आधी केलेली. यंत्राला हात लावायच्या आधी केलेली.

सिद्रामने पुस्तक स्वतःकडे ओढलं. खाली त्याने आपला सगळा पश्चात्ताप ओतला होता, आणि वर चौकटीत सातव्यांदा तिलाच दोषी ठरवलं होतं. हा कागद असाच मॅडमच्या टेबलावर गेला असता, वर गेला असता, तर तक्ता भरणाऱ्याने फक्त ही खूण बघितली असती. सहाचे सात झाले असते.

"सवय..." तो म्हणाला.

"हो," कीर्ती म्हणाली. "तीच."

त्याने खूण खोडली. तिसऱ्या चौकटीत, जागेच्या दोषापुढे, नवी खूण केली आणि खाडाखोडीशेजारी सही केली. कीर्तीने कार्बन उचलून खालच्या दोन्ही प्रती बघितल्या. दुसऱ्या प्रतीवर खोडल्याची रेघ पुसट उठली होती, ती तिने त्याच्याकडून पुन्हा गिरवून घेतली. मग तिने आपलं पूर्ण नाव लिहून सही केली, वेळ टाकली, तीन वाजून चोपन्न मिनिटं, आणि कागद स्वतः घेऊन मॅडमच्या केबिनकडे निघाली.

जाताना ती पाण्याच्या माठावरून गेली. सिद्रामचा घसा कोरडा पडला होता आणि ते तिला दिसत होतं. तिने पाणी विचारलं नाही.